पुंजाजी शिपायाचा सांगावा

मानोऱ्याच्या ठाण्यात कुणाच्या घरी मरणाचा सांगावा न्यायचा असला की सगळ्यांच्या नजरा पुंजाजीकडे वळायच्या. तशी ठाण्यात माणसं काही कमी नव्हती. पण ठाणेदाराचं म्हणणं असं, की पुंजाजीचा चेहरा पाहूनच निम्मी बातमी पोचते, बोलायला फार लागत नाही. गाल ओघळलेले, मिशा खाली उतरलेल्या आणि डोळे सदा नुकताच कांदा चिरल्यासारखे. खरं तर माणूस आनंदी होता. घरी नातवंडांना पाठीवर घेऊन रांगायचा, लग्नाच्या पंगतीत बुंदीवर आडवा हात मारायचा. पण देवानं चेहरा दिला तो दिला, आणि सरकारनं त्याचा उपयोग करून घेतला.

चौपन्न सालचा वैशाख. संध्याकाळच्या मोटारीनं बोरखेडीचा कोतवाल पाटलाची चिठ्ठी घेऊन ठाण्यात आला. बोरखेडीच्या शिवारात एका विहिरीचं खोदकाम चाललं होतं. त्या दिवशी सकाळी वरची दरड सुटली आणि खाली उतरलेला एक मजूर दबला. वर काढला तेव्हा संपलेला होता. डॉक्टर येऊन पाहून गेला, पंचनामा झाला. मजुराचं नाव हेमसिंग, बापाचं लखीराम, तांडा मानोऱ्याकडचा. बरोबरच्या माणसांना एवढंच ठाऊक होतं. पाटलानं लिहिलं होतं, की दिवस उन्हाळ्याचे आहेत, उद्या चार वाजेपर्यंत घरच्यांची वाट पाहू, नाही तर गावच मूठमाती देईल.

“कोणत्या तांड्यातला हा?” ठाणेदारानं विचारलं.

“लखीराम त चार वर्सांमांगंच गेला, साहेब,” पुंजाजी म्हणाला. “गोमतीबाईचा पोरगा हा. एकुलता. सेवादास नायकाच्या तांड्यात राह्यते ते. म्या दोनदा तिचे मोहाचे मडके फोडले.”

“म्हणजे ओळख आहे. बरं झालं. तूच जा.”

बेत सोपा होता. तांडा मानोऱ्याहून चार कोसांवर, कारंज्याच्या रस्त्यापासून जरासा आत. पुंजाजीनं उजाडायच्या आधी चालू लागायचं, साडेसातपर्यंत तांडा गाठायचा, सांगायचं, आणि नऊ वाजता फाट्यावरून जाणाऱ्या मोटारीत घरच्यांना बसवून द्यायचं. पुढे सहा कोसांवर बोरखेडी. चार वाजायला ढीगभर वेळ उरत होता.

त्या मुलखात एक रीत होती. ती कुणी कुणाला शिकवत नसे, पण पोरासोरांनाही ठाऊक असे. मरणाचा सांगावा घेऊन आलेला माणूस त्या घरचं पाणी पीत नाही. दारात आलेल्याला घरची बाई तांब्या देते. एरवीचा पाहुणा पाणी पितो, मिशा पुसतो आणि मग सुखदुःखाचं बोलतो. सांगावेकरी हात पुढे करत नाही. तेवढ्यावरून घर काय ते समजतं, आणि मग तोंडानं सांगायचं थोडंच राहतं. पुंजाजीनं नोकरीत सतरा घरी सांगावा नेला होता आणि सतराही घरी हात पाठीमागे बांधून उभा राहिला होता.

पण त्या दिवशी घोटाळा झाला तो ठेच्यामुळे. बायकोनं, चंदाबाईनं, पहाटे भाकरीवर हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला आणि पुंजाजीनं सवयीप्रमाणे दोनदा मागून घेतला. पाण्याची चरवी ओट्यावरच विसरून तो निघाला. दीड कोसावर घसा सुकला. वाटेतली विहीर वाळून तळाला गाळ दिसत होता. ऊन सातलाच पाठीवर बसलं. पायांच्या पट्ट्या घामानं ओल्या झाल्या, पगडीखाली डोकं शिजू लागलं. चालता चालता तो मनाशी वाक्यं जुळवत होता. गोमतीबाई, हिंमत धरा. गोमतीबाई, देवापुढं कोनाचं चालत नाही. प्रत्येक वाक्यानंतर जीभ टाळूला चिकटायची.

थांबत थांबत तो पोचला तेव्हा साडेआठ होऊन गेले होते. तांड्याच्या तोंडाशी पांढरा झेंडा होता आणि झेंड्यानंतरचं पहिलंच घर गोमतीबाईचं. आधी सेवादास नायकाला गाठावं, त्याला सोबत घेऊन यावं, असं पुंजाजीच्या मनात होतं. पण नायकाकडे जायची वाट गोमतीबाईच्या दारावरूनच होती.

खाकी कपडे दिसताच तांड्यात लगबग उडाली. दारूबंदीचा कायदा तांड्याला तोंडपाठ होता. कुणाचं मडकं कडब्याखाली गेलं, कुणाचं शेणाच्या ढिगात, आणि एका म्हातारीनं तर मडक्यावर पदर पसरून त्यावरच बसकण मारली. गोमतीबाई मात्र हलली नाही. ती आपल्या झोपडीच्या छपरावर उभी राहून कुजलं गवत उपसत होती. पन्नाशीची काटक बाई, हातभर गोंदण, ओच्यात खोचलेला कोयता. खाली तिची सून कमलीबाई नव्या गवताच्या पेंढ्या बांधत होती. पोरीच्या लग्नाला दोनच वर्षं झालेली. केसांतल्या चांदीच्या घुगऱ्या तिनं मान हलवली की वाजत.

गोमतीबाईनं वरून पुंजाजीकडे पाहिलं. मग ती शिडीनं खाली आली. कमली उठू लागली तर तिनं हातानं थांबवलं, स्वतः आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली.

“घ्या जमादार. पानी घ्या.”

साध्या शिपायाला जमादार म्हणायची तांड्याची जुनी चलाखी होती. पुंजाजीला ती आवडायची. पण आज त्याला काही ऐकू आलं नाही. तांब्याला बाहेरून गार थेंब फुटले होते. त्याचा हात आपोआप पुढे गेला, मान मागे गेली आणि तो गटागटा प्यायला. पाणी गळ्यात उतरताना त्याचे डोळे मिटले. शेवटचा घोट गिळला, मिशा पुसल्या, आणि तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं की आपण काय केलं.

गोमतीबाई हसली. दात दिसेपर्यंत हसली आणि मटकन ओट्यावर बसली.

“जीव भांड्यात पडला माहा,” ती म्हणाली. “तुमाले वरून पाह्यलं. म्हनलं, हा मानूस मडके धुंडत नाही, इकडं तिकडं पाहत नाही, सरका माह्याच दारात येऊन राह्यला. पोरगा विहिरीवर गेलेला. म्हनून कमलीले नाही उठू देल्लं. म्हनलं, पानी आपुनच देऊन पाहाव.”

“गोमतीबाई...”

“आता काय मडके फोडाचे ते फोडा. दोन फोडा, चार फोडा. आज म्या नाही अडवत तुमाले.”

 जुळवून आणलेली सगळी वाक्यं त्या पाण्याबरोबर पोटात गेली होती.

गोमतीबाई तोवर पुन्हा शिडी चढली होती. वारं उठायच्या आत छप्पर शाकारून व्हायला हवं होतं. हेमसिंग म्हणाला होता की येत्या बाजाराला येतो, छपराला तुम्ही हात लावू नका. पण आईला धीर निघेना. “आला त पाहून चाट पडन,” ती वरून म्हणाली. “जमादार, तुमी रिकामेच हात हालवून राह्यले. तेवढ्या पेंढ्या द्या ना वर.”

आणि काय सांगावं, पुंजाजी पेंढ्या द्यायला लागला. बोलण्यापेक्षा ते सोपं होतं. पहिली पेंढी देताना त्यानं मनाशी ठरवलं, दुसरी देताना सांगू. तिसऱ्या पेंढीला तो म्हणाला, “बाई, बोरखेडीहून सांगावा हाये.”

“हेमसिंगचा? कवा येतो म्हने?”

“तो... तो नाही येत आता.”

“काम सरलं नसन. येऊ द्या सावकाश.” तिनं पेंढी कांबीवर दाबली, दोर आवळला. “कमली, आयकलं का वं? तुहा नवरा बाजाराले नाही येत. तोंड नोको पाडू.”

कमली लाजून हसली. घुगऱ्या वाजल्या. पुंजाजीला वाटलं, की आपल्याला आत्ता फेफरं आलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं डोळे गच्च मिटले आणि एका दमात म्हणाला, “गोमतीबाई, हेमसिंग गेला.”

“कुठी गेला?”

“गेला म्हंजे... गेला.”

गोमतीबाईनं वरून त्याच्याकडे पाहिलं. तिचं हसू जरा कमी झालं, पण गेलं नाही. “अशी थट्टा करू नोका, जमादार. पानी पेऊन असं बोलत नाहीत. द्या, ते लांबी पेंढी द्या.”

त्याच वेळी फाट्याकडून मोटारीचा भोंगा ऐकू आला. दोनदा वाजला. जरा वेळ इंजिन गुरगुरलं, मग आवाज कारंज्याच्या दिशेनं लांब लांब जात विरून गेला. पुंजाजीच्या हातात पेंढी तशीच होती. त्यानं ती खाली ठेवली आणि तो तांड्यात शिरला.

सेवादास नायक दारात अंबाडीचा दोर वळत बसला होता. सत्तरीचा म्हातारा, पांढरी दाढी, नजर तेज. पुंजाजीनं त्याच्यापुढे उकिडवं बसून सगळं सांगितलं. नायकाचे हात दोरावर थांबले. 

“हेमसिंग,” तो शेवटी म्हणाला. “माह्या मांडीवर वाढला तो.” मग त्यानं पुंजाजीकडे पाहिलं. “आन् तुमी पानी पेले?”

“पेलो.”

“घोटभर?”

“सारा तांब्या.”

नायकानं कपाळाला हात लावला. “मंग आता तुमचं आयकन कोन? म्या सांगतलं तरी ते म्हनन, नायक, शिपाई त पानी पेला. चार मानसं सांगतीन तरी तिचं मन त्या तांब्यापाशीच राहीन.”

“मंग मी काय करू, नायक? मोटार गेली. चार वाजता तिकडं माती देतात.”

“माती?” नायक उठून उभा राहिला. “उठा. झेंड्यापर्यंत पाछा जा. तिथून पुन्हा या, जसे पयल्यांदाच आले तसे. ते पानी आनन. बाकीचं तुमाले समजते. म्या बैलं जुपतो.”

नायकानं दाखवलेल्या, झोपड्यांमागच्या पाऊलवाटेनं पुंजाजी झेंड्यापाशी गेला. तिथून गोमतीबाईच्या दारापर्यंत वीसेक पावलांचं अंतर होतं, पण आजच्या चार कोसांपेक्षा ते लांब निघालं. त्यानं पगडी सारखी केली. घशाला पुन्हा कोरड पडली होती, यात खोटं काही नव्हतं. त्या क्षणी त्याला आपल्या नोकरीचा, आपल्या चेहऱ्याचा आणि चंदाबाईच्या ठेच्याचा सारखाच राग आला. मग तो चालू लागला.

“आता काय राह्यलं, जमादार?” गोमतीबाईनं छपरावरून विचारलं. “काठी विसरले का?”

तो दारासमोर येऊन उभा राहिला. तिनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि ती खाली उतरली. उतरताना शिडीच्या शेवटच्या पायरीवर तिचा पाय चुकला. आत जाऊन तिनं तांब्या भरला आणि त्याच्यापुढे धरला.

“घ्या.”

पुंजाजीनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि बोटं एकमेकांत गुंतवली.

“घ्या ना. ऊन हाये.”

तो उभा राहिला.

“मंगाशी त पेले,” ती म्हणाली. तिचा आवाज आता लहान झाला होता. तिनं तांब्या आणखी पुढे धरला, त्याच्या छातीला लागेपर्यंत. “मंग खरं कोनतं? मंगाचं का आताचं?”

“आताचं, माय,” पुंजाजी म्हणाला आणि त्याचा बांध फुटला. सतरा घरी न रडलेला माणूस हात पाठीमागेच ठेवून रडू लागला.

गोमतीबाईनं तांब्या ओट्यावर ठेवला. ओरडली नाही. कमली पेंढीवर बसली होती तिथेच वाकली आणि तिचं कपाळ गुडघ्यांना लागलं. शेजारणी धावत आल्या, त्यांनी तिला धरलं, आणि मग तांडाभर रडणं पसरलं. मघाची ती म्हातारीसुद्धा मडकं उघडं टाकून आली.

“कसा?” गोमतीबाईनं विचारलं.

“विहिरीची दरड पडली. लगेच गेला. जास्ती तरास नाही झाला त्याले.”

“माती पडली अंगावर?”

“हो.”

“आता कुठी हाये?”

पुंजाजीनं सगळं सांगितलं. चार वाजताचंही सांगितलं. ते ऐकून ती पहिल्यांदा ताठ झाली.

“मूठमाती? काहून? लगन झालेला हाये माहा पोरगा. बायको हे बसली त्याची. आमच्यात बिनलग्नाच्याले मातीत ठेवतात. लगन झालेल्याले आगीन द्या लागते.” ती थांबली. “मातीनंच त मारलं त्याले. पुन्हा मातीतच घालता का?”

 मग तिनं फाट्याकडे पाहिलं.

“मोटार वाजली होती ना?”

“हो, माय.”

“तवा तुमी मले पेंढ्या देत होते.”

ती हे रागानं म्हणाली नाही. रागानं म्हणाली असती तर पुंजाजीला बरं वाटलं असतं.

नायकानं गाडी फाट्यावर आणली तेव्हा दहा वाजून गेले होते. गाडीत गोमतीबाई, कमली, दोन शेजारणी. सहा कोस, वैशाखाचं ऊन, बैल म्हातारे. चारच्या आत पोचणं कठीण आहे हे नायकाला कळत होतं आणि पुंजाजीलाही. तेवढ्यात मानोऱ्याकडून बांबू भरलेला ट्रक आला. पुंजाजी हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. ड्रायव्हरच्या शेजारी तीन माणसं आधीच कोंबलेली. वर बांबूंवर एखादा माणूस लटकला तर लटकला.

“म्या जातो पुढं,” पुंजाजी गाडीपाशी येऊन म्हणाला. “गोमतीबाई, तुमी येईस्तोवर माती पडू देत नाही. बोलतो मी.”

तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. सकाळी या माणसावर एकदा विश्वास ठेवून झाला होता. पुंजाजी बांबूंवर चढला. अडीच मण वजनाचा, पेन्शनीला टेकलेला शिपाई दोरखंडाला धरून, धूळ खात, प्रत्येक खड्ड्याला देवाचं नाव घेत बोरखेडीला पोचला तेव्हा त्याच्या दोन्ही तळहातांची सालं निघाली होती.

बोरखेडीत शुकशुकाट होता. गावात प्रेत असलं की चूल पेटत नाही, आणि इथे काल सकाळपासून प्रेत होतं. दीड दिवस गावात धूर नव्हता. पोरं मुरमुरे आणि गूळ खाऊन कंटाळली होती, म्हातारी माणसं भिंतीला टेकून बसली होती. नाल्याच्या काठी चिंचेखाली हेमसिंगला कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं, वर नवं कापड. पाटील रामराव भला माणूस. कापड त्यानंच आणलं होतं, रात्रभर माणसं राखणीला बसवली होती. पंधरा हातांवर खड्डा खणून तयार होता.

“येऊन राह्यले,” पुंजाजी म्हणाला. “बैलगाडीनं येऊन राह्यले. तोवर थांबा, पाटील.”

“चारपर्यंत म्हनलं ना. थांबतो.”

तीन वाजले. साडेतीन झाले. पुंजाजी रस्त्यावर जाऊन यायचा, डोळ्यांवर हात धरून पाहायचा, परत यायचा. चार वाजले. वास सुटू लागला होता, ते कुणी बोलून दाखवत नव्हतं. पाटलानं घड्याळ खिशात टाकलं.

“पुंजाजी, आता उचलू द्या. गाव उपाशी हाये. लेकरं रडून राह्यली.”

“अर्धा घंटा, पाटील.”

“अर्धा घंटा करता करता दिवस बुडन. उचला गा.”

चार माणसं पुढे झाली. पुंजाजी त्यांना आडवा गेला, पण चौघांना एकटा किती अडवणार. मग तो वळला, खड्ड्याच्या काठावर बसला, पाय आत सोडले आणि घसरत खाली उतरला. खड्डा त्याच्या छातीएवढा होता. तळाशी मांडी घालून तो बसला तेव्हा वरून फक्त पगडी दिसत होती.

“हे काय?” पाटील काठावर आला. “सरकारी मानूस ना तुमी? हा काय पोरखेळ लावला?”

“माती टाकाची त माह्यावर टाका.”

“पुंजाजी!”

“त्यांच्यात लगन झालेल्याले जाळतात, पाटील. त्याची माय आगीन द्याले येऊन राह्यली. मोटारीनं आली असती त दहा वाजताच आली असती. मोटार माह्यामुळं चुकली.”

“तुमच्यामुळं कशी?”

 मग खड्ड्यातून त्याचा आवाज आला, “सांगावा घेऊन गेलो आन् तिच्या घरचं पानी पेलो.”

 पुढे काही सांगायची गरजच नव्हती. बोरखेडीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर तो तांब्या उभा राहिला, ती माय उभी राहिली. तुळसाबाई नावाची एक म्हातारी काठी टेकत पुढे आली आणि खड्ड्यात वाकून पाहू लागली.

“सारं पेला का रे, मुडद्या?”

“सारं, आजी.”

“अवं माय वं,” ती म्हणाली आणि तिथेच खाली बसली. “त्या बाईनं मंग काय केलं?”

“ते हसली. मंग माह्या हातून छपराले पेंढ्या घेतल्या. छप्पर शाकारत होते ते. पोरगा येईन म्हनून.”

 तुळसाबाईनं पदरानं नाक पुसलं. मग तिनं मान वर करून पाटलाला विचारलं, “रामराव, जाळाले लाकडं किती लागतीन?”

“आजी, कुठून आनाचे लाकडं? वैशाखात सरपन हाये कोनाजवय?”

“माह्या घरी हाये,” म्हातारी म्हणाली. “दोन दिवसांचं पडून हाये. तुह्याही घरी हाये. साऱ्या गावात हाये. चुली पेटल्या कुठी?”

पाटील तिच्याकडे पाहत राहिला. मग त्यानं मान खाली घातली आणि कोतवालाला हाक मारली.

आधी तुळसाबाईच्या घरून कपाशीच्या पळाट्यांचा भारा आला. मग एका घरून बाभळीची दोन फाटी, दुसऱ्या घरून तुटक्या वखराचं लाकूड, तिसऱ्या घरून गोवऱ्या. बायका डोक्यावरून आणत होत्या, काठावर टाकून परत जात होत्या. पोरांना भुकेचा विसर पडला, तीही एकेक काटकी आणू लागली. बघता बघता खड्ड्याच्या शेजारी, कोरड्या जमिनीवर, ढीग उभा राहिला. पुंजाजीला खालून काही दिसत नव्हतं. लाकडावर लाकूड पडल्याचा आवाज तेवढा येत होता. पाटलानं दोनदा सांगितलं, की आता वर या, कुणी माती टाकत नाही. पण पुंजाजी हलला नाही. एकदा शब्द देऊन बसलेला माणूस. सकाळी पाणी पिऊन दिलेला एक शब्द खोटा पडला होता, हा दुसरा तरी त्याला खरा करून दाखवायचा होता.

गाडी आली ती दिवस कलल्यावर. वाटेत एक बैल बसला होता आणि नायकानं त्याच्या जागी स्वतः जुवाला खांदा दिला होता. गोमतीबाई गाडी थांबायच्या आधीच उतरली. गर्दी बाजूला झाली. ती चिंचेखाली गेली, बसली आणि तिनं कापड बाजूला केलं. पोराच्या भुवयांत माती राहिली होती. तिनं ती अंगठ्यानं पुसली, एक भुवई, मग दुसरी. कानामागची पुसली. मग कमलीला जवळ ओढलं आणि दोघी तोंडावर तोंड ठेवून रडल्या. बोरखेडीच्या बायकाही रडल्या. ज्याचं नावही त्यांना धड ठाऊक नव्हतं अशा पोरासाठी त्या आपल्या घरचं कुणी गेल्यासारख्या रडल्या.

कितीतरी वेळानं गोमतीबाईनं डोळे पुसले आणि इकडे तिकडे पाहिलं. तिला लाकडांचा ढीग दिसला. मग खड्डा दिसला.

“हा कोनासाठी?” तिनं विचारलं.

“होता,” पाटील ओशाळून म्हणाला. “तुमचा शिपाई बसला त्यात जाऊन. दोन घंट्यांपासून बसला. निघाचं नाव नाही घेत.”

ती उठली आणि काठावर आली. खाली पुंजाजी मांडी घालून बसला होता. पगडी वाकडी, अंगभर धूळ, सोललेले हात मांडीवर उपडे. ती दिसताच तो धडपडून उठू लागला, पण पायांना मुंग्या आल्या होत्या, तो भिंतीला धरून कसाबसा उभा राहिला. त्याचं डोकं तिच्या पायांशी आलं.

“पडू नाही देल्ली, माय,” तो म्हणाला. “एक ढेकूल नाही पडू देल्लं.”

गोमतीबाई त्याच्याकडे पाहत राहिली. तो सदाचा रडका चेहरा आता खरोखर रडत होता. तिला काय वाटलं ते तिनं पुढेही कधी कुणाला सांगितलं नाही. चार माणसं शिपायाला वर काढायला पुढे आली, तर तिनं त्यांना थांबवलं. ती काठावर गुडघे टेकून बसली, एका हातानं काठावर उघडं पडलेलं चिंचेचं मूळ धरलं आणि दुसरा हात खाली दिला. तळहाताला सकाळच्या गवताचे ओरखडे होते.

“या वर,” ती म्हणाली. “तुमची घरवाली वाट पाहत असन.”

पुंजाजीनं हात धरला. तो जड होता, ती काटक होती, आणि काठाची माती निसटत होती. ती दोनदा पुढे ओढली गेली, पण तिनं हात सोडला नाही. मग तिनं दातओठ खाऊन एक जोर लावला आणि त्याला वर काढलं.